आहे तसं टाक

"मागल्या वर्षी हे गेले तेव्हा कॉलनीत दहीहंडीचा मांडव घालत होते," शरदिनी काकू म्हणाल्या, "लाउडस्पीकरवाल्याला मीच जाऊन सांगितलं, बापा, आज नको वाजवू, घरात माणूस गेलाय." आणि बाबांचा हात थांबला. बोटात दर्भाचं पवित्रक, हातात पळी, पळीच्या टोकाशी पाण्याचा थेंब, आणि तो थेंब पडेचना. मधू तिळाची वाटी घेऊन दारात उभी होती, तिला दिसला तो एवढा थेंबच. "काहून थांबले, यज्ञेश्वर गुरुजी?" काकूंनी विचारलं. बाबांनी हळूच विचारलं, "गोकुळाष्टमी व्हायची होती का तेव्हा?" "दोन दिवसांवर होती ना." बाबांनी पळी ताम्हनात ठेवली आणि मान वर करून मधूकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. वस्तू नेहमीच्या कोनाड्यात ठेवलेली असावी आणि हात घातल्यावर तिथं नसावी, तसं बघितलं.

तिला कळलं. सांगायची गरजच नव्हती. बनारसचा महिना पौर्णिमेला संपतो, आपल्या लोकांचा अमावास्येला; म्हणून वद्य पक्ष आला की गल्लीत भाद्रपद लागलेला असतो आणि घरात अजून श्रावणच चालू असतो. दुर्गाघाटावरच्या मराठी घरातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं, दूधवाल्याचा महिना वेगळा आणि आपला वेगळा. आणि मधूच्या प्रोग्रामनं काय केलं होतं, तर काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या इंग्रजी तारखेचा महिना काढला बनारसच्या हिशेबानं, भाद्रपद, आणि मग यंदाची तारीख शोधायला गेला आपल्या पंचांगात, तिथल्या भाद्रपदात. श्रावण वद्य षष्ठीला गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध भाद्रपद वद्य षष्ठीला. सरळ एक महिना पुढे. तारीख मधूनं पाठवली, काकूंनी अमरावतीहून तिकीट काढलं, मुलगी कॅनडात म्हणून एकट्याच आल्या, पिशवीत नवऱ्याचा आवडता बाकरवडीचा डबा घेऊन, आणि खरा दिवस केव्हाच गंगेच्या पुरातून वाहून गेला होता.

"चूक माझी," बाबा म्हणत होते, "मी बघायला पाहिजे होतं," आणि ते ऐकायला मधू थांबली नाही. वाटी उंबऱ्यावर आपटली, तीळ सांडले, आणि ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर आली. मागून आईचा आवाज आला, "अगं, ते तीळ ओलांडू नकोस!" जसं काही आता तिळांनीच बिघडणार होतं.

वरची खोली म्हणजे पत्रा, जाळी आणि जाळीला लटकलेली माकडं. लॅपटॉप उघडला की एक थोराड माकडीण नेहमी जाळीशी येऊन बसायची आणि पडद्याकडे बघायची, आज तिच्याकडे बघून मधू ओरडली, "भाग इहाँ से!" माकडीण हलली नाही. मधूनं फोल्डर उघडलं. तिथी. तिथी दोन. तिथी बरोबर. तिथी बरोबर दोन. तिथी दादा. तिथी चालतंय हात लावू नये. सगळ्या प्रती तिच्याच, एकीतून दुसरी निघालेली, आणि कुठली कुणाच्या पोटची हे सांगायची सोय नाही, कारण तिचा लॅपटॉप मेला तेव्हा दादानं सगळं पेनड्राइव्हवरून त्याच्या ह्या जुन्या लॅपटॉपात ओतलं आणि सगळ्यांच्या कपाळावर तोच एक दिवस चिकटला. 'हात लावू नये' उघडून काकूंची तारीख घातली. चूक. 'बरोबर' मध्ये घातली. चूक. 'बरोबर दोन' चालेचना, कुठल्याशा ओळीवर अडखळून पडलं. पण कधीतरी हे बरोबर होतं. तिला नक्की आठवत होतं, बाबा शेजारी मोडक्या खुर्चीवर बसले होते, आणि त्यांनी आजोबांची तारीख घालायला लावली होती, आणि उत्तर आल्यावर बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून त्यांनी स्वतः ताडून बघितलं होतं, आणि म्हणाले होते, "अरे वा." एवढंच. बाबा कुणाला अरे वा म्हणत नाहीत. त्यानंतर त्यांनी पेरं मोजणं सोडलं. यजमानांचा फोन आला की म्हणायचे, "मधूला विचारतो." तो 'अरे वा' ह्यातल्या कुठल्या फोल्डरात होता? ते बरोबर असलेलं कुणी मोडलं, कधी मोडलं, काय हलवताना मोडलं? मधूनं टेबलावर मूठ मारली. माकडीण आता मात्र गेली.

दादाला फोन लावला. अनिश पुण्यात एका कंपनीत होता, फोन नेहमी कानात खुपसलेलाच असायचा. सगळं ऐकून तो तेच म्हणाला जे तो म्हणणार हे तिला नंबर दाबतानाच माहीत होतं. "म्हणून वर्षभर सांगतोय, गिटमध्ये टाक. मग कुणी, केव्हा, कुठली ओळ बदलली, सगळं दिसतं. नाव-तारखेसकट." "मागचं दिसेल?" "मागचं कसं दिसेल? आज टाकलंस तर आजपासून पुढचं." "मग मला काय उपयोग त्याचा? मला मागचं पाहिजे, दादा! ज्या दिवशी बरोबर होतं तो दिवस पाहिजे!" "तो नाही मिळायचा," दादा म्हणाला, आणि हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की तिला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. "पण असंच चाललं तर पुढल्या वेळीही नाही मिळायचा. फोल्डर उघड. मी सांगतो तसं टाइप कर. आत्ता काही दुरुस्त करत बसू नको. आहे तसं टाक आधी."

आहे तसं टाक. तिनं टाकलं. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. रागाच्या बोटांनी प्रत्येक ओळ एकदा तरी चुकवून. खालून खिरीचा वास येत होता आणि आई कुणाला तरी सांगत होती, "खिरीला कुठं माहीत असतं तिथी चुकलीय ते, उतरवायला तर लागणारच." घाटाच्या बाजूनं पंपाची घरघर येत होती. पूर उतरला होता, पायऱ्यांवर ढोपरभर गाळ होता, आणि नळीच्या जोरानं तो पुन्हा गंगेत ढकलायचं काम चाललं होतं. "झालं?" दादानं विचारलं. "आता हिस्टरी बघ." तिनं बघितलं. एकच नोंद. सगळं त्या एकीत आलं होतं. शाळा सोडल्यापासूनच्या दुपारी, बाबांनी सांगितलेले सगळे 'जर असं असेल तर' आणि 'पण तसं असेल तर', अधिक महिन्यावरून झालेलं भांडण, क्षयतिथी डोक्यात शिरेना म्हणून रडलेली ती, सगळं एका ओळीत. आणि त्या ओळीपुढे कर्ता म्हणून नाव होतं: अनिश.

मधूच्या कानात एकदम गरम झालं. हे तिला ओळखीचं होतं. अकरावीचं प्रॅक्टिकल, एसी बंद पडलेली लॅब, आणि सर तिच्या मागे उभे राहून, खांद्यावरून वाकून, पानाच्या पिंकेचा वास सोडत, "किससे लिखवाया? भइया से?" तिनं म्हटलं, मैंने लिखा है सर. "सच बोलो बेटा, नम्बर नहीं काटेंगे." सगळी लॅब हसली. तिनं समोरचा माउस वायरीसकट उपटला आणि भिंतीवर मारला, आणि जी बाहेर पडली ती परत गेलीच नाही. आई दोनदा जाऊन आली, बाबा एकदा. माफी मागितली की घेतील म्हणाले. मधू म्हणाली, कशाची माफी? माउसची मागते. तेवढ्यावर त्यांचं भागत नव्हतं. मग दुपारी घरात बसून काय करायचं, तर बाबांच्या यजमानांच्या तिथ्या. आणि आता हे यंत्र, ज्याला सर माहीत नाहीत, लॅब माहीत नाही, तेसुद्धा तिच्या खांद्यावरून वाकून तेच म्हणत होतं. भइया से.

"तुझं नाव का आलंय?" "कुठं?" "माझ्या कोडवर! अनिश म्हणून!" "अगं, तो माझा जुना लॅपटॉप आहे ना, सेटिंगमध्ये माझं नाव असणार. आपोआप येतं ते." "तुला सगळं आपोआपच येतं," मधू म्हणाली, "कॉलेज आपोआप, पुणे आपोआप." "मधू, आता हे नको हं." "का नको? खाली बाबा त्या बाईपुढे हात जोडून बसलेत. तुझ्या हाफिसात बसून तुला काय!" दादानं उसासा टाकला. तिला त्याचे उसासे पाठ होते. ह्याच्यानंतर तो समजावणीच्या सुरात येतो. आला. "बरं ऐक, अजून वर नेटवर चढवलेलं नाहीस ना? मग थांब. ही नोंद पुसून टाक. आधी चूक दुरुस्त कर, मग स्वच्छ प्रत टाक. तिथं मी तुझ्यासाठी जागा करून ठेवलीय, ओळख म्हणून एक पानही टाकलंय, आमच्या हाफिसातले दोघंतिघं बघणार आहेत. त्यांना कशाला चुकलेलं दाखवायचं?" "आत्ताच तर म्हणालास आहे तसं टाक." "म्हणालो. पण..." "पण नाव तुझं आहे म्हणून?" पुण्यातल्या पंख्याचा आवाज आला फक्त.

तिला वाटलं, आपण जिंकलो. एवढं वाटलं आणि लगेच तोंडात काहीतरी कडू आलं. कारण आता पुढचं उघडच होतं. नाव ठेवलं त्याचं, तर काकूंचा गेलेला दिवसही त्याच्या नावावर जातो. कायमचा, तारीखवार. आपण म्हणायचं, बघ, लिहिलंय ना तुझं नाव! आणि नाव मागून घेतलं, तर हेही मागून घ्यावं लागतं. पण खरंच, मोडलं कुणी? तिनं 'तिथी दादा' उघडली. होळीला तो आला होता तेव्हाची. त्याच्या कुठल्याशा मित्राच्या काकांची तिथी काढायची होती, मित्र इथलाच, पांडे की दुबे, म्हणून बनारसचा महिना हवा होता. तेव्हा महिना काढायचा तुकडा बदलला, तारीख शोधायचा तुकडा तसाच राहिला. मग ते पुन्हा आपल्या लोकांसाठी फिरवायला पाहिजे होतं, ते राहिलं. कुणी बदलला? तिनं डोळे मिटले. गच्चीवर चटई होती, लॅपटॉप एकदा त्याच्या मांडीवर आणि एकदा हिच्या, ठंडाई जरा जास्तच झालेली, दादाच्या भुवयांतला हिरवा रंग धुतलेला नव्हता. "सरक, तुला येत नाही," तो म्हणत होता, आणि ती त्याच्या हातावर चापट्या मारत होती, आणि तो उजव्या हातानं टाइप करत होता आणि ही डाव्या बाजूनं मध्येच अक्षरं घुसवत होती, आणि दोघं इतके हसले होते की आई वर बघायला आली, बघते तर काय, पांडेंच्या मेलेल्या काकांवरून ही दोन मुलं लोळतायत. त्या हसण्यात ती ओळ बदलली होती. कुठल्या बोटानं, ते तिला आठवेना. खूप आठवून बघितलं. दरवेळी बोटं दिसायची, पण रंगानं माखलेली, कुणाची ते कळायचं नाही. त्यानंतर ती दोघं एवढी कधी हसलीच नव्हती, हे मात्र स्वच्छ आठवलं, आणि ते तिला आत्ता आठवायला नको होतं.

"दादा," ती म्हणाली, "नाव कसं बदलतात?" त्यानं सांगितलं. एकच ओळ होती. तिनं आपलं नाव घातलं, मधुवंती, नुसतं मधू नाही, आणि नोंद पुन्हा लिहायची आज्ञा दिली, आणि पडद्यावर भलतंच काहीतरी काळं उघडलं. एक अक्षर दाबलं तर भलतीच ओळ उडी मारायची, दुसरं दाबलं तर ओळ नाहीशी. "हे काय उघडलंय? बंद होत नाहीये!" "एस्केप दाब." "दाबलं!" "आता कोलन." "कोलन कुठाय ह्याच्यात! ह्या कळीचा रंगच उडालाय, तुझ्याच जाडजूड बोटांनी!" दादा हसला. हसायला नको होतं त्यानं, पण हसला, आणि तिच्याही घशात काहीतरी फुरफुरलं, तिनं ते गिळलं. "थांब, बंद नको करू," तो म्हणाला, "आय अक्षर दाब. तिथंच लिहायचं असतं, ह्या नोंदीत काय आहे ते. आधी घाईत नुसतं 'पहिलं' असं लिहिलंयस ना, ते खोड आणि नीट लिही."

काय लिहायचं? बोटं कळांवर ठेवून ती बसली. खाली बाबांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता, संथ, नेहमीच्या पट्टीत. संकल्प. म्हणजे काहीतरी ठरलं होतं. देश सांगितला, काळ सांगितला, गंगेचा कुठला काठ, कुठला महिना, कुठला पक्ष, आजची तिथी, कुणाच्या वतीनं, कुणासाठी. लहानपणापासून हे इतकं ऐकलेलं की कानाला त्याचा घट्टा पडलेला. आजचा दिवस, जागा, नाव, कशासाठी, एवढं सांगितल्याशिवाय पाणी सोडत नाहीत. मागच्या कुठल्या दिवसाच्या नावानं संकल्प सोडता येत नाही, चुकलेलंही आजच्याच दिवसात उभं राहून करावं लागतं. आणि पडद्यावरची ही चौकट तेच तर मागत होती. हे सुचल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला. भटाच्या घरची पोर, हिला दुसरं सुचणार काय. तिनं खडाखडा लिहिलं, रोमन अक्षरांत, आपल्याच भाषेत: ही प्रत चुकीची आहे. वद्य पक्षात महिना बनारसचा आणि पंचांग आपलं. शरदिनी काकूंचा श्रावण वद्य षष्ठीचा दिवस हिच्यामुळे गेला. होळीपासून असावं. त्याआधी बरोबर होतं, बाबांनी ताडलं होतं. एस्केप. कोलन शेवटी शिफ्ट धरून चाचपडत सापडला. चौकट बंद झाली. कर्ता, मधुवंती.

दुरुस्ती त्यामानानं काहीच नव्हती. दोन्ही तुकड्यांत आपला महिना. तिनं आजोबांची तारीख घातली, बरोबर. काकूंची घातली, श्रावण आला. इतकं सोपं होतं म्हणून जास्तच चिडचिड झाली. दुसरी नोंद केली. मग वर चढवायला गेली, तर तिकडून नकार. दादाचं ते ओळखीचं पान आधीच तिथं होतं, आणि हिच्या नोंदींचा त्याच्याशी काही संबंधच नाही, दोन्हींची सुरुवात वेगवेगळी, असं म्हणून ते जोडून घेईना. पान उघडून बघितलं. दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत प्रोग्रामचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, माझ्या बहिणीनं बनवलंय, लवकरच चढवेल. टाकलेलं होतं गेल्या दिवाळीला. तेव्हापासून ते पान तिथं तसंच बसलं होतं, पाहुण्यांसाठी पाट मांडून ठेवावा तसं. "जबरदस्तीनं चढव सरळ," दादा म्हणत होता, "माझं ते पान जाईल, जाऊ दे." "गप्प बस," मधू म्हणाली. "जोडून घ्यायचं कसं ते सांग." त्यानं सांगितलं. पुन्हा ती काळी चौकट उघडली, पण आता ती घाबरली नाही, नुसती वैतागली.

ती खाली आली तेव्हा पिंडांना वाहिलेला माका आणि तुळस काकू डोळे भरून बघत होत्या. आजचा दिवस पितृपक्षातला म्हणून आजचं आज करून टाकलं होतं, आणि राहिलेलं वर्षश्राद्ध सर्वपित्रीला करायचं ठरलं होतं; काकू तोवर इथंच राहणार होत्या, वरच्या मजल्यावर, आईच्या खोलीत. सांडलेले तीळ कुणीतरी गोळा करून पुन्हा वाटीत भरले होते. मधूला बघून बाबा म्हणाले, "सापडलं मागचं?" "नाही." "बरं." त्या 'बरं'चा अर्थ लावत ती उभी राहिली. माफी मागायला ती आली होती, म्हणजे जिन्यात तरी तसं ठरलं होतं, पण शब्द तोंडात आले ते भलतेच, "काकू, होळीला बिघडलं ते. आता नीट केलंय." काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू का ते मशीनवालं?" "हो." "मला वाटलं कोणी मोठा चष्मेवाला असेल." मग म्हणाल्या, "ह्यांना उशीर झालेला कधी चालत नव्हता. नाटकाला अर्धा तास आधी जाऊन बसायचे. आता महिनाभर वाट बघत बसले असतील बिचारे, ही बाई आली कशी नाही म्हणून." पंपाची घरघर तेवढी चालू होती. मधूला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. शिव्यांना उलटून काहीतरी म्हणता येतं.

"पुढल्या वर्षीचा दिवस सांग मला," काकू म्हणाल्या. "आत्ता सांग. तूच सांग." मधूनं बाबांकडे बघितलं. बाबा ताम्हन पुसत होते. ती वर गेली, लॅपटॉप उघडाच्या उघडा घेऊन खाली आली, तारीख घातली. उत्तर आलं. ते तिनं वाचलं नाही. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मोजा आधी." "तुझ्या मशीनमध्ये आलंय ना?" "आलंय. तुम्ही मोजा." बाबांनी ताम्हन खाली ठेवलं. हात धोतराला पुसला. अंगठा करंगळीच्या पेरावर टेकला आणि ओठ न हलवता वर सरकू लागला, एक बोट, दुसरं बोट, अधिक महिन्यापाशी अडला, पुन्हा मागे आला, पुन्हा निघाला. किती दिवसांनी तो अंगठा असा चालताना ती बघत होती. तो मधल्या बोटाच्या टोकाशी येऊन थांबला. बाबांनी तारीख सांगितली. मधूनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

काकूंनी आधी पडदा बघितला, मग बाबांचं बोट, मग मधूचं तोंड. "दोघं म्हणताय ना? मग काढते तिकीट," त्या म्हणाल्या आणि फोन शोधायला पिशवीत हात घालून बसल्या. दोघं, म्हणे. मधूला झणझणीत राग आला, आणि त्या रागातच ती लॅपटॉप उचलून जिना चढली, मघाची नोंद अजून उघडी होती तिच्यासमोर बसली, आणि कर्त्याच्या नावाखाली, कुणी विचारलं नव्हतं तरी, तिसरी नोंद लिहायला घेतली: पेरांवर मोजून बघितलं. यज्ञेश्वर. बरोबर.